शांत पोरीची माय

निलंग्यात शिवकांताबाईंचं घर सापडायला पत्ता लागायचा नाही. ज्या गल्लीत शिंका सुरू होतील, तिथं त्यांचं मिरची कांडप. नवरा गेल्यावर त्यांनी राहत्या घराच्या पुढच्या खोलीत ही मशीन टाकली. चैत्र-वैशाखात अर्ध्या गावाचं वर्षाचं तिखट त्यांच्याच हातून निघतं. डोळ्यांत पाणी, नाकाला पदर आणि तोंड मात्र अखंड चालू. त्या तोंडात एक वाक्य ठरलेलं असायचं, "माझी तनुजा लई शांत हाय."

खोटं नव्हतं. मी इथल्या शाळेत शिकवते आणि त्यांची लेक तनुजा माझ्याच वर्गात, चौथीपासून. तिला दमा होता, हे मला ठाऊक होतं. पोर एका जागी बसायची, पळापळ नाही की खिदळणं नाही. बाकीच्या माकडांना मी उठता-बसता तिचं उदाहरण द्यायची. गेल्या वर्षी तर आदर्श विद्यार्थिनी म्हणून तिचं नाव मीच सुचवलं. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

यंदा जूनमध्ये लातूरच्या डॉक्टरांनी मायलेकींना दोन सारखे कागद दिले. एक आईनं भरायचा, एक मुलीनं, आणि एकमेकींना विचारायचं नाही. औषध आहे तेच पुरे की बदलायचं, ते त्यावर ठरणार होतं. शिवकांताबाईंचा हात लिहायला वळत नाही, म्हणून त्या मधल्या सुट्टीत माझ्याकडं आल्या. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. वर्षात दोनदा धाप लागली, दोन्ही वेळा दवाखान्यात नेलं. बाकी त्रास नाही. औषध ओढायच्या पंपाची सवय लागते म्हणून तो डब्यात जपून ठेवलाय. खेळ बंद पडला का? छे, तिला खेळाची आवडच नाही.

तनुजानं आपला कागद व्हरांड्यात बसून भरून आणला. दोन्ही कागद पाकिटात घालताना मी सहज नजर टाकली आणि थबकले. शेवटचा प्रश्न होता, दम्यामुळं काय काय सोडावं लागलं? आईच्या कागदावर माझ्या अक्षरात 'काही नाही'. मुलीनं लिहिलं होतं, 'खो-खो. पळत जिना चढणं. मशीन चालू असली की घरात बसणं. हसणं.'

मी ते वाचून दाखवलं. शिवकांताबाईंनी पुन्हा वाचायला लावलं. मग त्यांनी तनुजाला विचारलं, हसणं कशाला सोडलंस?

"जोरात हसलं की खोकला येतो, माय. थांबतच न्हाई."

"मग मला सांगायचं न्हाई का?"

"तू मशीन बंद केली असतीस. अन् तुला मी शांतच आवडते ना."

शिवकांताबाईंच्या डोळ्यांत मिरची नसताना पाणी आलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. माझीही मान वर होईना. त्यांचा कागद नव्यानं लिहू का, असं मी विचारलं.

"न्हाई बाई, ऱ्हाऊ द्या तसाच. माय असून मी किती आंधळी हाय, ते डॉक्टरांनाबी कळू द्या."

डॉक्टरांनी रोज घ्यायचा पंप दिला आणि त्याची सवय लागत नाही, हे तीनदा समजावलं. पंधरा दिवसांत मशीन घरातून हलली, बसस्टँडमागं भावाच्या पत्र्याच्या शेडमध्ये. बायका कुरकुरल्या, लांब पडतं म्हणाल्या. चालून आलेल्या बाईला तिखट बाधत नाही, असं शिवकांताबाई त्यांना सांगायच्या.

परवा प्रार्थनेच्या वेळी तनुजा अशी हसली की अख्खी रांग हसत सुटली. खोकला आला नाही. मी तिच्या वहीत मुद्दाम कडक शेरा लिहिला, 'तनुजा फार दंगा करते. पालकांनी भेटावे.'

दुसऱ्या दिवशी शिवकांताबाई पेढ्यांचा पुडा घेऊन हजर. कशाचे पेढे, असं जो तो विचारी. त्या वही उघडून शेऱ्यावर बोट ठेवत होत्या.

"आमच्या पोरीची तक्रार आली," असं सांगत त्या वर्गावर्गातून फिरल्या.