पुतणीची पांढरी साडी आणि माझा काळा बंपर

प्लॅस्टिकला बूटपॉलिश लावू नये. हे मी अनुभवानं सांगतोय, आणि त्या अनुभवाचे रंगीत फोटो म्हसवडच्या आमच्या व्याह्यांनी अल्बममध्ये लावून ठेवलेले आहेत.

झालं असं, की माझी पुतणी पल्लवी हिचं लग्न ठरलं. लग्न मुलाच्या गावी, म्हसवडला. पल्लवी माझी भारी लाडकी, त्यामुळं मी लगेच जाहीर करून टाकलं, "नवरी माझ्या गाडीतनं जाणार!" टाळ्या काही वाजल्या नाहीत. सगळ्यांनी माना वळवून खिडकीतून बाहेर उभ्या असलेल्या गाडीकडं बघितलं.

गाडी इंजिनानं ठणठणीत. पण कंपनीचं सगळ्यात स्वस्तातलं मॉडेल (घेताना मी त्याला 'साधेपणा' म्हणालो होतो), त्यामुळं रंग फक्त पत्र्याला. बंपर, आरशांच्या पाठी, दारांच्या मुठी, दारांखालची रुंद पट्टी, सगळं काळं प्लॅस्टिक. माधवनगरच्या उन्हात उभं राहून राहून ते काळं आता राखाडी झालं होतं.

"काका, गाडी पिठाच्या गिरणीत लावता का वो तुमी?" पल्लवीनं विचारलं.

हे मला लागलं. मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणजे उपाय माझ्याकडं असायलाच हवा होता. "उन्हानं प्लॅस्टिक कोरडं पडलंय," मी सांगितलं, "त्याला तेल पाजलं पायजे."

"आवं, दुकानात त्येचं लोशन मिळतंय. ते आणा की!" माझी बायको सुमन म्हणाली.

"लोशन म्हंजे काय? बाटलीत भरलेलं तेलच!" असं म्हणून मी स्वयंपाकघरातून शेंगतेल आणलं आणि सगळी गाडी चोळून काढली. संध्याकाळी प्लॅस्टिक असं चमकलं, की मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. सकाळी त्याच शेजाऱ्यांनी मला बोलावून दाखवलं. रस्त्यावरची सगळी धूळ बंपरवर मुक्कामाला आली होती, आरशावर मुंग्यांची रांग लागली होती आणि गल्लीतलं कुत्रं मागची पट्टी मन लावून चाटत होतं.

एवढ्यात माझे थोरले बंधू, म्हणजे नवरीचे वडील, आले. दादा सैन्यातून निवृत्त झालेला. त्यानं गाडीचा वास घेतला.

"लगीन उद्यावर आलं आन् तू गाडीला फोडणी देतोयस व्हय रं?"

मी उत्तर शोधत खाली बघितलं, तर समोर दादाचे बूट! काळेभोर, त्यात माझं बावळट तोंड स्वच्छ दिसत होतं. आणि मला सुचलं. बूट काळा, बंपर काळा. विज्ञानात याला साधर्म्य म्हणतात. (म्हणत नाहीत. पण त्या वेळी म्हणालो.)

"चामडं पॉलिश पितंय," सुमन म्हणाली, "प्लॅस्टिक कुठं पितंय? वरच ऱ्हाईल की त्ये!"

"विज्ञान कुणाचा विषय हाय?" मी विचारलं. ती आत निघून गेली. दोघा भावांनी तेल धुऊन काढलं, दोन ब्रश घेतले आणि पॉलिशची डबी संपेपर्यंत प्लॅस्टिक घासलं. मी एकही कोपरा सोडला नाही. गाडी शोरूममधून आत्ताच बाहेर पडल्यासारखी दिसायला लागली, आणि दादा आयुष्यात पहिल्यांदा मला म्हणाला, "कडक झालं की रं!"

आता एक गोष्ट सांगायला हवी. आम्ही बौद्ध. आमच्या लग्नात नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत असतात आणि आमच्याकडं तर पाहुणेसुद्धा झाडून सगळे पांढऱ्यात. एकीकडं पांढऱ्या कपड्यांतली दोनशे माणसं, दुसरीकडं ताजं पॉलिश केलेली गाडी. हे गणित मला आधी कसं सुटलं नाही म्हणाल, तर गणित माझा विषय नाही.

पार्लरवाली सांगलीची, त्यामुळं पल्लवी माधवनगरातूनच नटून, पांढरीशुभ्र साडी नेसून गाडीत बसली. पहाटेचा गारवा होता, पॉलिश शहाण्यासारखं जागेवर होतं. शेजारी सुमन, पुढं दादा. बाकीचं वऱ्हाड मागून ट्रॅव्हल्सनं. आटपाडीला ऊन चांगलंच तापलं, म्हणून उसाच्या रसाला थांबलो. पल्लवीला ग्लास आत दिला. दादा पुढच्या बंपरवर टेकून ऐटीत रस प्यायला, आणि वळला.

त्याच्या पांढऱ्या पँटवर, बसायच्या जागी, हातभर लांब काळा पट्टा!

सुमननं बघितला. मी बघितला. दादाला दिसायचा प्रश्नच नव्हता.

"सांगू नगंस," मी कुजबुजलो, "लग्नाआधी डोस्कं फिरंल त्येचं."

"आन् लग्नात फिरलं तर?"

मी गुपचूप रुमालानं मूठ धरून दार उघडलं आणि गाडीत बसलो. पुढचा सगळा रस्ता मी घाम पुसत होतो, आणि तो काही उन्हाचा घाम नव्हता.

म्हसवडात कार्यालयासमोर नवरदेवाचे आजोबा, तात्या, कडक इस्त्रीच्या पांढऱ्याशुभ्र कपड्यांत स्वागताला उभे. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी मूठ धरून दादाचं दार उघडलं. "जयभीम, पावनं, जयभीम! या या या!" आणि कडकडून मिठी! मिठी सुटली तेव्हा दादाच्या पाठीवर पाच बोटं उमटली होती. दादा आरशावर हात टेकून खाली उतरला होता, त्यामुळं तात्यांच्या पाठीवरही पाच. मग ते दोघं बाकीच्यांना भेटले. बाकीचे एकमेकांना भेटले. कुणी पाठ थोपटली, कुणी कपाळाचा घाम पुसला, फोटोवाला बंपरवर गुडघा टेकून फोटो काढायला लागला. बघता बघता सगळं कार्यालय ठिपक्याठिपक्यांचं झालं!

आणि नवरदेवाकडच्या चार बायका हौसेनं पल्लवीच्या दाराकडं निघाल्या.

"हात लावू नका!" मी असा ओरडलो, की वाजंत्री थांबली.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मग स्वतःच्या हातांकडं. मग एकमेकांच्या पाठींकडं. दादा स्वतःची पाठ बघायला जागच्या जागी गरागरा फिरला, आणि त्यामुळं तो पट्टाही सगळ्यांना दिसला.

"पॉलिश हाय," मी म्हणालो. "बुटाचं. वितळलंय."

आता नवरीला उतरवायचं कसं? दारात काळी पट्टी, मुठीला काळं, धरायला पुढं येईल त्याचा हात काळा. "डिकीतनं काढूया," कुणीतरी सुचवलं. डिकीच्या कडेलाही मीच ब्रश मारला होता. पल्लवीच्या डोळ्यांत पाणी आलं. "काका, सांगली पालथी घालून ही साडी घेतलीया मी," ती हळूच म्हणाली. मला तिथल्या तिथं जमिनीत जावंसं वाटलं. लहानपणी हिला खांद्यावर मिरवणारा काका मी, आणि आज हिच्या लग्नाची माती करून उभा होतो.

तिनं डोळे पुसले आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"काका, समद्यांत तुमचाच शर्ट तेवढा कोरा हाय."

"व्हय," मी जरा अभिमानानंच म्हणालो.

"काढा."

मी काढला. दारातल्या पट्टीवर पसरला. पल्लवीनं निऱ्या सावरल्या, शेजारी बसलेल्या सुमनच्या स्वच्छ हाताचा आधार घेतला आणि अलगद उतरली. साडीवर एक ठिपका नाही! तात्यांनी काळ्या हातांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या, आणि दादासुद्धा हसला. त्या क्षणी मला जे हलकं वाटलं, ते अंगात शर्ट नव्हता म्हणून नव्हे.

"निदान बनियन तरी धड घालायचं!" सुमन दात आवळून म्हणाली.

केटरिंगवाल्याकडं एक जादा शर्ट निघाला. मरून रंगाचा. तो घालून मी पुढं बसलो, त्रिशरण-पंचशील झालं, लग्न थाटात लागलं. पंगत बसली तसा मी दादाकडं निघालो, तर मध्येच हाक आली, "ओ मरून! मठ्ठा आणा की हिकडं!" मी नवरीचा काका असल्याचं दोघांना सांगून बघितलं. तिसऱ्याला सांगण्यापेक्षा मठ्ठा देणं सोपं होतं. मग ती पंगत मी वाढली. पुढचीही वाढली.

निरोपाच्या वेळी नवरदेवाची उशिरा आलेली आत्या दादाला म्हणाली, "पावनं, तुमचा त्यो मठ्ठ्यावाला लय मायेनं वाढतोय बघा. आमच्या पोराचं लगीन हाय, त्येला सांगा की."

"सांगतो की," दादा न हसता म्हणाला, "कुठं जातोय त्यो."

"तारीख तेवढी आधी कळवा," मी मागून म्हणालो, "शाळेत रजा टाकावी लागती."