पलीकडच्या मुलीचा काका

पहिल्या दोन-तीन रविवारी ती मुलगी मला मुळीच आवडली नव्हती. मी काहीही म्हटलं की ती आधी हसायची आणि मग म्हणायची, "तुमच्याकडे असंच शिकवतात." तुमच्याकडे काय शिकवतात, असं मी एकदा विचारलं, तर तीही चिडली.

मी तेव्हा भोरच्या कॉलेजात एम.ए. करत होते. ती सीमेपलीकडची, पार उत्तरेच्या डोंगरातल्या एका गावची. दोन्ही देशांतल्या तरुण मुलामुलींनी दर रविवारी मोबाईलवरून एकमेकांशी बोलायचं, असा तो उपक्रम होता. कॉलेजातल्या मॅडमनी माझं नाव दिलं होतं. चालवणारी माणसं तिसऱ्याच देशातली. त्यांनी जोड्या लावून दिल्या आणि एक नियम घातला: खासगी नंबर द्यायचा नाही, बोलायचं ते ठरलेल्या वेळी, त्यांच्याच लिंकवर. मी हिंदीत बोलायचे, ती उर्दूत. तीन चतुर्थांश समजायचं, उरलेल्यावर भांडण व्हायचं.

रविवारी मी घरी असायचे. आमचं घर पासली गावाच्या वरच्या अंगाला, एका वाडीत. घरात रेंज नाही. गोठ्यामागच्या टेपाडावर उभं राहिलं तर येते, तीही वारा पडला असला तर. एका रविवारी मी तावातावाने काही सांगत असताना आमची शेळी मध्येच ओरडली. तिकडून ती म्हणाली, "थांब, थांब. किती आहेत तुमच्याकडे?" मग तिने फोन फिरवला. तिच्यामागे दगडी भिंत होती आणि भिंतीवर चार शेळ्या चढून बसल्या होत्या, आमच्यापेक्षा केसाळ. त्या दिवशी आम्ही इतिहासाबद्दल काही बोललो नाही. शेळीच्या खुराला जखम झाली की तिची आजी काय लावते आणि माझी आई काय लावते, एवढंच. वेळ संपली तेव्हा दोघींनाही वाईट वाटलं.

पुढे आम्हाला सांगण्यात आलं की घरातल्या मोठ्या माणसाला लढाईबद्दल विचारा आणि ते जोडीदाराला सांगा. आधी ती बोलली. तिचा काका, वडिलांचा धाकटा भाऊ, तिच्या जन्माआधी डोंगरातल्या लढाईवर गेला तो परत आलाच नाही. प्रेत आलं नाही, कागद आला नाही. "दादी म्हणते, तो तुमच्याकडच्या कुठल्यातरी तुरुंगात आहे. ईदला अजून त्याच्या नावचं ताट वाढते."

माझी पाळी मी पुढच्या रविवारावर ढकलली. कारण त्याच लढाईत आमचे आबा होते.

आबा म्हणजे माझे वडील. पलटणीतून निवृत्त होऊन आले आणि भातशेतीला लागले. गावात झेंड्याच्या दिवशी त्यांना पुढच्या खुर्चीत बसवतात. ते बसतात, नारळ घेतात, घरी येतात. लढाईबद्दल एक शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. आई म्हणायची, विचारू नको. मी विचारलं नव्हतं.

त्या आठवड्यात मला भोरला चैन पडेना. वर्गात बसले की तिच्या आजीचं ताट डोळ्यांसमोर यायचं. शनिवारी एसटीने नसरापूर, तिथून वेल्हे, पुढे जीपने घरी. आबा बांध घालत होते. मी तिथेच उभी राहून सगळं सांगितलं. त्यांनी ढेकूळ उचललं, ठेवलं, परत उचललं.

"कुठल्या गावची म्हणलीस?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"आमच्याम्होरं तिकडचीच पोरं हुती समदी," ते म्हणाले. मग ढेकूळ बांधावर ठेवून खाली वाकले.

दुसऱ्या दिवशी मी टेपाडावर गेले, तर आबा माझ्याआधी तिथे हजर. धुतलेला शर्ट, दाढी केलेली. माझ्या हातातून त्यांनी मोबाईल घेतला आणि लांब धरला, आरसा धरावा तसा. ती मुलगी आधी गोंधळली. हे माझे वडील, त्याच लढाईत होते, असं मी सांगितलं. मग डोक्यावर ओढणी घेऊन "सलाम, चाचा" म्हणाली.

"जीती रहो, बेटी."

आबांची हिंदी पलटणीतली, ठसठशीत. तिने काकाचं नाव सांगितलं. आबा म्हणाले, नावं आम्हाला कळत नव्हती. तिने विचारलं, तुम्ही तिथे वर होता का? होतो. शेवटपर्यंत? हो.

"चाचा, दादी म्हणते तो तुरुंगात आहे. असेल का?"

मला वाटलं आबा म्हणतील, मला काय माहीत. त्यांनी तसं म्हणायला हवं होतं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ते म्हणाले, "बेटी, जे वर राहिले ते जिवंत नव्हते. आम्हीच पुरलं त्यांना. जमीन खणता येत नव्हती, बर्फ होता. दगड रचले. आमच्या पलटणीचा मौलवी खालून चढवून आणला. त्याने नमाज पढली, आम्ही टोप्या काढून उभे होतो. एवढं आजीला सांग."

ती रडली नाही. "शुक्रिया," म्हणाली आणि स्क्रीन काळी झाली. रेंज गेली की तिनेच फोन बंद केला, कळलं नाही.

आबा त्या दिवशी जेवले नाहीत. आईने मला चुलीपाशी गाठलं. "कशाला उकरून काढलंस? इतकी वर्सं माणूस निवांत झोपत हुतं." आईचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही. त्यानंतर आबा सकाळी शेळ्या घेऊन निघायचे ते ऊन कलल्यावरच यायचे. रानात शेळ्यांना पाला नव्हता, तरी.

मी पुढच्या रविवाराची वाट बघत होते. आणि त्याच आठवड्यात सीमेवर पेटलं.

आधी हल्ल्याची बातमी आली, मग त्याचं उत्तर, मग विमानं, मग ड्रोन. भोरला आमच्या खोलीतल्या मुली दिवसभर मोबाईलला चिकटलेल्या. कुठली चित्रफीत खरी, कुठली खोटी, कुणाला पत्ता नव्हता. मलाही राग येत होता, मारल्या गेलेल्या माणसांचे फोटो मी पुन्हा पुन्हा उघडून बघत होते. आणि त्याच हातांनी मी तिच्या गावाचं नाव शोधत होते, तिथे काही पडलं नाही ना. हे खोलीतल्या कुणाला सांगायची सोय नव्हती. उपक्रमवाल्यांचा एकच निरोप आला: सर्वांच्या सुरक्षिततेसाठी संवाद थांबवत आहोत. लिंक उघडेना. तिचा नंबर माझ्याकडे नव्हता. मी भोरच्या चौपाटीपासून राजवाड्यापर्यंत आणि परत अशी उगीच चालत राहायचे.

घरी गेले, तर पोलीस पाटील अंगणात बसलेले. आमच्या भावकीतलेच, साधे गृहस्थ. संकोचून म्हणाले, "पोरगी तिकडच्यांशी बोलती म्हनं. लोकं इचारत्यात. म्या म्हणलं, आपनच जाऊन यावं."

मी बोलणार इतक्यात आबा गोठ्यातून बाहेर आले. "व्हय, बोलती. आन म्याबी बोललोय."

"तुमी?"

"म्या. लोकांना सांगा, माझ्याकडं या इचारायला."

पाटलांनी चहा घेतला, पावसाची चौकशी केली, गेले. विचारायला कुणी आलं नाही. पण दुकानात गेलं की बोलणी थांबायची, हे मला कळत होतं.

लढाई थांबली. थांबल्यावर जास्त त्रास झाला. बातम्यांत दुसरे विषय आले आणि माझ्या मनात तो एकच. आवणाची लावणी झाली, भात पोटरीला आलं. आबा अधूनमधून विचारायचे, "ती पोरगी काय म्हनती?" मी सांगायचे, काही कळत नाही. ते मान हलवायचे. पुन्हा विचारायचे. एकदा खाचरातून पाणी काढताना म्हणाले, "म्या सांगाया नको हुतं का गं?" मी म्हटलं, "आबा, खरं तेच सांगितलंत." ते म्हणाले, "खरं समदं कुठं ठाव हाय मला?"

कापणीच्या सुमारास उपक्रम परत सुरू झाला. निम्मी मुलं परत आलीच नव्हती. काहींना घरच्यांनी मनाई केली होती, काहींचं मन उडालं होतं. ती होती. वाळली होती. मी आधी विचारलं, गाव ठीक? ठीक. तुमचं? ठीक.

"मी दादीला सांगितलं," ती म्हणाली. "त्याच दिवशी. दादी मला म्हणाली, तू शत्रूचं ऐकून माझा मुलगा मारलास. तिने माझ्याशी बोलणं सोडलं. ईदला ताट वाढलं नाही, खोलीतून बाहेरच आली नाही. मग एक दिवस आपणहून अब्बूंना म्हणाली, माझ्या मुलाच्या नावाने फातिहा पढवा, मेल्या माणसासाठी पढतात तो. गावाला जेवू घातलं. आता जेवते, फिरते. पण माझ्याकडे नीट बघत नाही." आणि मग म्हणाली, "चाचांना एक विचारायचंय तिला. पुरण्याआधी अंघोळ घातली होती का?"

आबा खळ्यावर भात झोडत होते. मी धावत जाऊन विचारलं. त्यांनी पेंढी खाली ठेवली.

"पाणी न्हवतं तिथं. बर्फानं तोंडं पुसली. हातानं." मग माझा दंड धरून म्हणाले, "आन हेबी सांग. ज्यांना पुरलं त्यांच्यात तिचं पोरगं हुतं का, हे मला ठाव न्हाई. काही जणांना धरून खाली आणलं हुतं, ते पुढं कुठं गेले आमाला कळलं न्हाई. म्या त्या दिवशी एकदम बोलून गेलो. ती म्हातारी माझ्या शब्दावर रडली असंल तर तिला हे कळाया पायजे."

मी टेपाडावर परत गेले. छाती धपापत होती. आधी बर्फाचं सांगितलं. मग दुसरं. ती ऐकत राहिली. तिच्यामागे कुणीतरी लाकडं फोडत होतं, एकेक घाव ऐकू येत होता.

"पहिलं सांगेन," ती म्हणाली. "दुसरं नाही सांगणार. पुन्हा ताट वाढायला लागेल ती."

"पण आबा म्हणतात, कळायला हवं."

"चाचांना म्हण, मला कळलं. ते मी ठेवते माझ्याकडे."

त्यावर आम्ही भांडलो. पहिल्या रविवारांसारखं नाही, आवाज न चढवता. खरं लपवायचा हक्क तिला आहे का, असं मी विचारलं. दादी तुझी नाही, ती म्हणाली. वेळ संपली तरी आमचं मिटलं नव्हतं.

खाली येऊन मी आबांना जसंच्या तसं सांगितलं. वाटलं होतं, चिडतील किंवा सुटल्यासारखे होतील. ते नुसते खळ्यावर बसले. आईने पाण्याचा तांब्या आणून दिला, तो त्यांनी एका दमात रिकामा केला. मग म्हणाले, "पोर हुशार हाय." थोड्या वेळाने, "पर बरं न्हाई केलं."

आता मी भोरला नोकरी करते आणि रविवारी नव्या मुलांच्या जोड्या लावायला मदत करते. घरच्या मोठ्या माणसांना विचारा, हे सांगायची पाळी आली की माझी जीभ अडखळते. तरी सांगते. ती आणि मी अजून बोलतो, शेळ्यांबद्दल, तिच्या लग्नाबद्दल, आणि मध्येच त्या भांडणाबद्दल, जे संपत नाही. मागच्या खेपेला घरी गेले, तेव्हा आबांनी हात पुसत विचारलं, "सांगितलं का तिनं?"

"न्हाई, आबा."

"बरं," ते म्हणाले, आणि पेंढा रचायला निघून गेले.