ज्यांच्या नावावर आम्ही राहिलो

आश्वासन देण्याआधी ते समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवत. मग जरा थांबत, जणू सनईवाले अजून तयार व्हायचे आहेत, आणि म्हणत, "झालं समजा." हे ऐकून शारजातल्या निम्म्या मराठी माणसांची कामं झाली आहेत. उरलेल्यांनी ती झाली असं समजून घेतलं आहे.

असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. परदेशातल्या मराठी मंडळाला तो लागतोच, व्यासपीठावरच्या टेबलाला झालर लागते तसा. आमचे दादा सत्कार समितीचे अध्यक्ष होते. शारजाच्या रोल्ला भागात भर ऑगस्टमध्ये चपलेचे तळ रस्त्याला चिकटतात, त्या दिवसांतही ते जाकीट घालत. वर्षभर ते लोकांना शाली देत आणि एखादा पाहुणा आलाच नाही, तर त्याची शाल मोठ्या मनाने स्वतः स्वीकारत.

कंपनीत ते पीआरओ होते. म्हणजे व्हिसा, परवाने आणि सरकारी शिक्क्यांच्या मागे कंपनीच्या गाडीतून फिरणारा माणूस. मी त्याच कंपनीच्या गोदामात मालाची आवकजावक बघायचो.

माझी अडचण साधी होती. आधीची कंपनी एका सकाळी कुलूप लावून नाहीशी झाली. पगार थांबला, क्रेडिट कार्डाचे हप्ते थांबले नाहीत. ते मी उशिरा का होईना फेडले, पण क्रेडिट ब्युरोतला माझा आकडा इतका खाली गेला होता की बँकेतली मुलगी तो सांगताना आवाजही खाली आणायची. त्या आकड्यावर चेकबुक मिळत नाही. इथे पुढच्या तारखांचे चेक हातावर ठेवल्याशिवाय फ्लॅट मिळत नाही. आणि आपल्या नावावर फ्लॅटचा करार नसला, तर बायकोमुलीला राहायचा व्हिसा मिळत नाही. वैजू आणि सात वर्षांची मुक्ता व्हिजिट व्हिसावर येऊन थडकल्या होत्या आणि आम्ही एका लॉजच्या खोलीत बॅगांवर बसून जेवत होतो.

दादांना हे कळलं तसे ते गोदामात आले.

"माणूस बघायचा राजा, आकडा नाही. फ्लॅट माझ्या नावावर घेऊ. चेक माझे. तू भाडं मला दर महिन्याला देत जा. मग करार तुझ्या नावावर फिरवून देतो, त्या ऑफिसात आपला दोस्त आहे, हबीबी."

"असं होतं?"

"मग मी इथे इतकी वर्षं काय खजूर मोजतोय?" खांद्यावर हात आला. "झालं समजा."

बिल्डिंग फक्त फॅमिलीवाल्यांची होती. दादांनी वॉचमनला सांगितलं, "मेरा छोटा भाई है." वॉचमन पठाण, तो खुर्चीतून उठून उभा राहिला. सख्ख्या भावानेही माझी कुठे इतकी भारदस्त ओळख करून दिली नव्हती.

आणि ते वागलेही भावासारखेच. गॅसचं सिलिंडर स्वतः लिफ्टमधून वर आणलं. मुक्ताला शाळा दाखवायला नेलं, तिथल्या फाटकापुढे तिचा फोटो काढला. राखीपौर्णिमेला वैजूने त्यांना ओवाळलं. ताटात पाकीट ठेवताना त्यांचे डोळे भरून आले. तेव्हापासून ते तिला ताई म्हणू लागले.

मी कागद वाचणारा माणूस आहे. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरंसुद्धा सोडत नाही. पण दादांकडून मी एक ओळ लिहून घेतली नाही. ज्या हाताला आपल्या बायकोने राखी बांधली, त्या हाताकडे सही कशी मागणार? आपल्याकडे ते मागणाऱ्यालाच लाज वाटते.

एकदा मी त्यांच्या खोलीवर गेलो होतो. खोली कसली, बेडस्पेस. एका खोलीत दोनमजली खाटा, खालची त्यांची. जाकिटं प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून गजाला टांगलेली. सत्कार समितीचा अध्यक्ष खाटेवर पाय वर घेऊन बसला, कारण खाली दुसऱ्याचा कुकर होता. बायको कऱ्हाडजवळ गावाकडे. वर्षातून एकदा भेट. "हिला एकदा आणायचंय रे," ते म्हणाले. मला त्यांचं वाईट वाटलं. अजूनही वाटतं, हीच खरी पंचाईत आहे.

मग एका शनिवारी दारावरची बेल वाजली. टेप घेतलेला माणूस उभा होता.

"परदों का नाप लेना है."

"दादांनी पाठवलं वाटतं," वैजू हरखून म्हणाली. "किती करतात आपल्यासाठी."

त्याने खिडकी मोजली आणि रंग विचारला. वैजूने निळा सांगितला. तो संकोचला. "नहीं, वो साब की मॅडम बताएँगी. इंडिया से आ रही हैं ना. व्हिसा हो गया."

संध्याकाळी मी दादांना कॅफेटेरियात गाठलं. समोर दोन कडक चहा.

"दादा, करार फिरवायचा अर्ज केला होता ना?"

"करणार होतो."

"आणि वहिनींचा व्हिसा त्याच करारावर काढलात?"

त्यांनी चहाचा कप जवळ ओढला. "एका करारावर एकच फॅमिली बसते, राजा. तुझं अजून वय आहे. माझं काय राहिलं?"

"आणि वैजूचं काय? मुक्ताच्या शाळेचं?"

"वहिनी तर आता परत जाणारच आहेत. व्हिजिट संपतोय." राखीपासून ताई झालेली माझी बायको एका घोटात पुन्हा वहिनी झाली. "तू एकटा माणूस. आम्ही बेडरूममध्ये, तुला हॉल पुरेल. भाडं अर्धंअर्धं करू."

लबाडी मला नवी नव्हती. त्यातली आखणी झोंबली. आम्ही परत जाणार हे त्यांनी धरून ठेवलं होतं. शाळेच्या फाटकापुढे मुक्ताला "हस बघू" म्हणताना, तेव्हाही धरलं असेल? ओरडावंसं वाटलं. पण फ्लॅट त्यांचा, चेक त्यांचे, फाटकावर मी त्यांचा छोटा भाई. भांडायलासुद्धा माझ्या नावावर काही नव्हतं. दुसरं घर शोधायचं तर पुन्हा तोच आकडा.

वैजूला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. तिने डबे घासून पालथे घातले.

निघायच्या दिवशी दादा गाडी घेऊन हजर. "टॅक्सीला कशाला पैसे घालता?" विमानतळावर डिकी उघडली. मुक्ताची बॅग उचलली, तर खाली त्यांच्या दोन बॅगा आणि दोरीने बांधलेली उशी. रात्री ते राहायला येणार होते.

मुक्ताने "बाय मामा" म्हणून त्यांच्या कमरेला मिठी मारली. वैजूने ट्रॉली थांबवली.

"तुमच्या मिसेसना सांगा," ती म्हणाली, "या दिवसांत गीझर लावायचा नाही. गच्चीवरच्या टाकीचं पाणी उकळतं असतं. अंघोळीला गीझरचाच नळ सोडायचा, घरात साठलेलं त्यातलंच पाणी काय ते गार येतं. मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी मुक्ताचा हात भाजला."

दादांनी डिकी लावली. त्या दोघी काचेच्या दारातून आत गेल्या. मुक्ता मागे वळून हात हलवत राहिली, तो आम्हा दोघांपैकी कुणाला, ते कळलं नाही.

"चल," दादा म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी गाडीत बसलो. आम्हा दोघांना एकाच घरी जायचं होतं.