खांदा कधी गेला

आमची पोस्ट बारा हजार फुटांवर होती. ०६०० वाजता स्टँड-टू, म्हणजे शस्त्रं घेऊन मोर्चावर सज्ज; ०७०० वाजता चहा, मग गस्त. सेक्शन कमांडर मी, हवालदार. लान्सनायक नितीन गायकवाड कल्याणचा. मी डोंबिवलीचा, म्हणून मला दादा म्हणायचा.

त्या हिवाळ्यात अ‍ॅम्युनिशनची पेटी उचलताना माझ्या उजव्या खांद्यात कळ आली. त्या कुशीवर झोपता येईना, हात डोक्यापर्यंत जाईना. मी डॉक्टरांकडे गेलो नाही. मेडिकल कॅटेगरी घसरली की नायब सुभेदारी हुकते, एवढंच डोक्यात होतं. गोळ्या गिळत राहिलो. पाठीवर सामानाचा पिट्टू नितीन चढवून द्यायचा. "दादा, रिपोर्ट करा," तो एकदाच म्हणाला. मी त्याला झापलं.

सहा आठवड्यांनी, ०९२० वाजता, नाल्याच्या कडेचा बर्फ त्याच्या पायाखालून सुटला. मी त्याचं मनगट पकडलं. खांद्याने वर ओढलंच नाही. हातमोजा माझ्या हातात राहिला.

"एक जवान नाले में. ओव्हर." रेडिओवर एवढंच बोलता आलं.

साथीदाराला वाचवताना खांदा निकामी झाला, असं रिपोर्टमध्ये आलं. मी दुरुस्ती सुचवली नाही.

आता रिटायर झालोय. ठाण्याला हॉस्पिटलात जाताना नितीनचे वडील सोबत येतात. शर्टाची बाही तेच चढवतात. भेटेल त्याला सांगतात, माझ्या पोराला धरताना गेलेला खांदा आहे. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

गेल्या महिन्यात डॉक्टरबाईंनी एमआरआय दाखवला. हात वर उचलणारा स्नायूबंध थोडाच फाटला असेल तर विश्रांती आणि व्यायामाने बहुतेकदा भागतं. तसाच राबवला तर पूर्ण तुटतो, पुढे स्नायूची चरबी होते, मग टाके धरत नाहीत. माझे आता धरणार नव्हते. दुखणं कधी सुरू झालं, त्यांनी विचारलं.

"माझा मुलगा पडला त्या दिवशी," काका म्हणाले.

बाई लिहू लागल्या.

"नाही," मी म्हणालो. "त्याच्या दीड महिना आधी."

काका माझ्याकडे वळले. "नितीनला माहीत होतं?"

"होतं. तो रिपोर्ट करा म्हणालेला. मी ऐकलं नाही."

त्यांनी माझी बाही चढवली. बटणं न लावता बाहेर गेले.

परतीच्या बसमध्ये ते दोन सीट पुढे बसले. शीळफाट्याला ट्रॅफिक तुंबलं होतं. शेजारच्याने हाताला काय झालं विचारलं. मी सवयीने काकांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"नितीन गायकवाड नावाचा जवान होता," मी सांगू लागलो. "तो म्हणालेला, दाखवून घ्या."