री ओढणारा

ऑफिसात साहेबाच्या होला हो करणाऱ्याला ‘री ओढतोय’ म्हणायची मला सवय होती. ती मोडली एका म्हाताऱ्या गोंधळ्यानं. नाव विचारायचं राहूनच गेलं.

गेवराईजवळच्या एका लग्नघरी गोंधळ होता. म्होरला गोंधळी गावोगावच्या देवांना नावानं बोलवायचा आणि मागं उभा असलेला हा म्हातारा, तुणतुणं कानाशी धरून, डोळे मिटून ‘या हो’ अशी री ओढायचा. समोर खुर्चीत पुढारी बसलेले. म्होरल्यानं देवांच्या रांगेत त्यांचंही नाव घेतलं. म्हाताऱ्यानं डोळे उघडले, तुणतुण्याची तार बोटानं दाबली आणि ओठ मिटले. नुसता संबळ वाजत राहिला.

पुढाऱ्याचा माणूस धावत आला. “कावून गप झालास बे?”

“आमी री ओढल्याबिगर बोलावणं पोचत न्हाई,” म्हातारा म्हणाला. “अन् ह्ये बोलावणं देवाचं हाय. सायबाचं न्हाई.”

म्होरल्यानं मान खाली घातली आणि अंबाजोगाईच्या योगेश्वरीला हाक दिली. म्हाताऱ्यानं तार सोडली. त्याची री पार हायवेपर्यंत गेली.

ऑफिसातल्या त्या लोकांना मी आता री ओढणारे म्हणत नाही. त्यांची तेवढी लायकी नाही.