दोन ब्रेकांची गाडी

हाफक्लच बाईंचं खरं नाव त्यांच्याकडे शिकून गेलेल्या फार थोड्या बायकांना ठाऊक होतं. चढावर गाडी अडली की बाई शेजारच्या सीटवरून शांतपणे म्हणायच्या, "हाफ क्लच, हाफ क्लच. घाई नाही." तेच नाव चिकटलं. त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे एक पांढरी छोटी गाडी, टपावर लाल अक्षरांचा फलक आणि त्या स्वतः. शिकवायच्या फक्त बायकांना. बहुतेक जणी चाळिशीच्या पुढच्या, एकदा नवऱ्याकडून शिकायला गेलेल्या आणि रडून परतलेल्या. "नवऱ्याकडून गाडी आणि सासूकडून स्वयंपाक कधी शिकू नये," हा बाईंचा पहिला धडा. तो ऐकून शिकायला आलेली हसली की मगच त्या तिच्या हातात किल्ली द्यायच्या.

गाडीत बाईंच्या पायाशी जास्तीचा ब्रेक आणि क्लच बसवलेला होता. तो त्यांनी उगाच कधी दाबला नाही. शिकणारीला वाटलं पाहिजे की गाडी तिनेच थांबवली, असं त्यांचं म्हणणं.

त्या सकाळी सरकारी दवाखान्यातली एक नर्स शिकत होती. विधवा, अंगाने थोराड, पण स्टिअरिंग हातात आलं की लहान मुलीसारखी घाबरायची. रात्रपाळीनंतर घरी जायला वाहन मिळत नाही म्हणून तिला गाडी शिकायची होती. बाईंनी तिला पाण्याच्या टाकीकडचा चढ घ्यायला लावला. अर्ध्या चढावर बॉनेटमधून वाफ निघाली, आतून काहीतरी खडखडलं आणि गाडी बंद पडली.

बाई उतरून दुसऱ्या बाजूला आल्या आणि खिडकीतून वाकून पाहिलं. तापमानाचा काटा शेवटाला टेकला होता, खाली लाल दिवा. त्यांच्या सीटवरून हे काही दिसत नसे.

"हा दिवा कधीपासून लागलाय?"

"खालच्या वळणापासून," नर्स म्हणाली. "तुम्हीच सांगितलं होतंत, नजर रस्त्यावरून हलवायची नाही. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

बाईंना तिच्यावर रागावता आलं नाही. दिवे त्या शिकवायच्या, पण जरा पुढे, हात बसल्यावर. आधीच घाबरलेल्या बाईला इंजिनची भीती कशाला घालायची, असा त्यांचा हिशेब होता. तो पहिल्यांदाच चुकला, आणि चुकायचा तो असा चुकला.

मिस्त्रीने इंजिन उघडलं तेव्हा आतलं ऑइल दुधाच्या चहासारखं झालं होतं. पाणी ऑइलमध्ये उतरलं होतं. गॅस्केट जळलं होतं, इंजिनचं वरचं झाकण, म्हणजे हेड, वाकलं होतं. हा मिस्त्री बाईंची गाडी ती नवी होती तेव्हापासून पाहत आलेला. त्याने हात पुसले आणि आडवळणं न घेता सांगितलं, की हेड सपाट करून बसवता येईल, पण खालच्या ब्लॉकला तडा असला तर तो आज दिसणार नाही, पुढे कधीतरी दिसेल. आणि खर्च गाडीच्या किमतीच्या वर जाईल. "नाकापेक्षा मोती जड होतोय, बाई. माझं ऐकाल तर विका."

विकायचं तर विकायचं, म्हणून जुन्या गाड्यांचा एक दलाल आला. त्याने बॉनेट उघडलंसुद्धा नाही. दारं उघडून-मिटून पाहिली, काचांवर टिचकी मारली आणि दुसऱ्या बाजूचे पेडल पाहून हसला. म्हणाला, दोन ब्रेकांची गाडी कोण घेणार, नवरा-बायको दोघं एकदम ब्रेक दाबतील. तो दारांचे, काचांचे आणि टायरांचे पैसे देणार होता. बाकीचं लोखंड. बाईंनी त्याला चहा दिला आणि विचार करून सांगते म्हटलं.

घरी नवरा खिडकीशी बसून भातात वरण कालवत होता. बस डेपोच्या भांडारात आयुष्य काढलेला माणूस. दात गेल्यापासून त्याचं जेवण असंच चालायचं. कवळीसाठी बाजूला काढलेले पैसे बँकेत होते आणि ते दोघांनाही आठवत होते, पण विषय कोणी काढत नव्हतं.

"अहो, काय करू?" बाईंनी शेवटी विचारलं.

त्याने कालवलेला घास संपवला. मग म्हणाला, "विकलीस तर सकाळी उठून तू करणार काय?"

"घरात बसेन. तुमच्यासारखी."

"म्हणूनच म्हणतो, दुरुस्त कर. मला वरण-भात चालतोय. एकाने बसलेलं पुरे."

त्याच्या बोलण्यात बाईंवर विश्वास कमी आणि रिकाम्या दिवसांची धास्ती जास्त होती, हे त्यांना कळलं. तरीही त्यांनी दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला होकार कळवला. विकणं म्हणजे संपणं, इतकंच त्यांना त्या वेळी दिसत होतं.

काम रेंगाळलं. एक भाग मिळेना, मिळाला तो बसेना. तोवर शिकणाऱ्या बायका एकेक करून नव्याने निघालेल्या एका ड्रायव्हिंग स्कूलकडे गेल्या. तिथे गार हवेच्या गाड्या होत्या आणि वेळ मोबाइलवर ठरवता यायची. फोन करून माफी मागणाऱ्या दोघी-तिघी, बाकीच्या नुसत्याच गेल्या. नर्स तेवढी थांबली. तिने खर्चात वाटा उचलायची भाषा केली, ती बाईंनी मनावर घेतली नाही.

गाडी सुरू झाली त्या दिवशी मिस्त्रीने किल्ली देताना बजावलं, "चढ नको. उन्हात उभी नको. काट्यावर लक्ष ठेवा." बाई सपाट रस्त्यावर शिकवू लागल्या. त्यांचा निम्मा जीव समोरच्या रस्त्यावर आणि निम्मा न दिसणाऱ्या काट्यावर. दर दोन मिनिटांनी त्या विचारायच्या, काटा कुठंय? नर्स सांगायची, मधे आहे. पूर्वीची ती शांत बाई आता राहिली नव्हती. एकदा त्यांनी विनाकारण आपल्याकडचा ब्रेक दाबला आणि नर्सने चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

परीक्षेच्या दिवशी मैदानावर गाड्यांची रांग होती. नंबर येईपर्यंत ऊन चढलं. परीक्षक मागे बसले. नर्सने गाडी सुरेख काढली, वळण घेतलं, मागे घेऊन खुणेत लावली. नंतर मातीच्या उंचवट्यावर गाडी थांबवून पुन्हा न घसरता काढायची होती. तिथे ती थांबली आणि म्हणाली, "बाई, दिवा लागला."

बाईंनी इंजिन बंद करायला सांगितलं. परत ते सुरू झालं नाही. तडा होताच, तो आता उघडा पडला होता. परीक्षक उतरले. दुसरी गाडी घेऊन या, एवढंच म्हणून ते पुढच्या गाडीकडे गेले. मागच्यांनी ढकलून गाडी कडेला लावली. नर्स म्हणाली, "या वेळी मी वेळेवर सांगितलं ना?" बाईंनी तिचा हात धरला. नर्सने पुढे दुसरीकडून परीक्षा दिली, पास झाली की नाही ते बाईंना कळलं नाही.

गाडी भंगारात गेली. दलालाने आधी सांगितलेला भावही राहिला नव्हता, कारण मिस्त्रीकडे इतके दिवस उभी राहून टायरही खराब झाले होते. तिला न्यायला आलेल्यांनी टपावरचा फलक काढून दारात ठेवला. नवऱ्याने तो माळ्यावर टाकला.

पुढे बाई त्या नव्या स्कूलमध्ये काम मागायला गेल्या. मालक मुलाच्या वयाचा, बोलायला गोड. शिकवायला तरुण माणसं लागतात, विम्याचं असतं, असं काहीसं म्हणाला. काउंटरवर मात्र अनुभवी बाई हवी होती. बाईंनी ते काम धरलं. दहाला जायचं, वेळा लिहायच्या, पावत्या फाडायच्या. समोरच्या काचेतून गाड्या जाताना-येताना दिसतात. कोणी चढावर अडलं तर दिसत नाही, कारण चढ इथून लांब आहे.

परवा एक बाई आली. पन्नाशीची, पर्स छातीशी धरलेली. आधी नवऱ्याकडून शिकून पाहिलं, म्हणाली, आणि मधेच थांबली. मग हळूच विचारलं, "शिकवायला कोणी बाई आहे का हो?"

"नाही," बाई म्हणाल्या. "सगळे पुरुषच आहेत. सकाळी सातची वेळ रिकामी आहे."

तिने काचेतून बाहेरच्या गाड्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, लिहा.

बाईंनी तिचं नाव विचारलं आणि सातच्या रकान्यात लिहिलं.