मिरचीच्या रोपांवरचा कोळी

हे गेले त्याला दोन वर्षं होत आली, तेव्हा आमची घाटकोपरची इमारत पाडायला घेतली आणि मी कांदिवलीला भाड्याच्या घरात आले. पहिला मजला, एक खोली आणि स्वयंपाकघर. खिडकी उघडली की हाताच्या अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. जुन्या इमारतीतली माणसं जिथे घर मिळालं तिथे पांगली. समोरच्या दारातली माझी मैत्रीण मुला-सुनेबरोबर मुलुंडला गेली. पंचवीस वर्षं आम्ही एकमेकींच्या घरात न विचारता शिरत होतो. ती मालवणकडची. टेम्पोत बसताना म्हणाली, "रोज फोन करतलंय गो." पहिला महिनाभर तिने खरंच रोज केला. मग आठवड्याने. तिचंही बरोबर होतं, नातू लहान, सून नोकरीवर.

खोकी उघडताना एका औषधाच्या बाटलीत मिरचीचं बी सापडलं. हे मूळचे साताऱ्याकडचे. गावच्या मिरचीचं बी दरवर्षी गच्चीवर पेरायचे आणि पुढच्या सालासाठी धरून ठेवायचे. आजारी पडले त्या वर्षी पेरायचं राहिलं, ते राहिलंच. मिरचीचं बी फार वर्षं टिकत नाही हे मला त्यांच्याचकडून माहीत होतं. म्हणून मी थोडं मागे न ठेवता सगळंच पेरलं. दह्याचे रिकामे डबे, त्यांना खालून भोकं, आत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि गांडूळखत. ऊन नव्हतं, तेव्हा रोपांच्या वरच्या फळीखाली एलईडीच्या दोन पट्ट्या लावून घेतल्या. साठ-सत्तर बियांमधून एकोणीस रोपं वर आली. मी रोज मोजायचे. एकोणीसच असायची, तरी मोजायचे.

रोपांना चार-चार पानं आली आणि रंग बिघडायला लागला. हिरव्या पानावर बारीक फिकट ठिपके, कोणी रवा भुरभुरल्यासारखे. मला वाटलं, खत कमी पडलं. खत दिलं. मग वाटलं, उकडतंय, म्हणून पंखा रोपांच्या दिशेने फिरवला. ठिपके वाढत गेले, खालची पानं पिवळी पडून वाळली. कोपऱ्यावरच्या खताच्या दुकानदाराने किड्यांचं औषध दिलं. "मारा बिनधास्त, सगळं साफ होतं," म्हणाला. दोनदा मारलं. काही साफ झालं नाही.

माझी सगळी नोकरी दवाखान्याच्या लॅबमध्ये गेली. तीस वर्षं काचपट्टीवरच्या रक्तात मलेरिया शोधला. आणि इथे दोन आठवडे मी पान उलटं करून पाहिलं नव्हतं. एका सकाळी डबा उचलताना उजेड तिरका पडला आणि देठ न् पान जुळतं त्या बेचक्यात जाळं दिसलं, केसाहूनही बारीक. मी पांढरा कागद घेतला, त्यावर पान धरून बोटाने टिचक्या मारल्या. कागदावर धुळीसारखे कण पडले. श्वास रोखून पाहत राहिले, तर त्यातले काही कण चालायला लागले.

भिंगाखाली धरलं. आठ पाय. पिवळट पारदर्शक अंग आणि दोन्ही बाजूंना एकेक काळपट डाग. काही तांबूस होते. पानाच्या खालच्या बाजूला शिरेलगत गोल अंडी, मोत्यासारखी स्वच्छ. खरं सांगायचं तर मला आधी राग आला नाही. सापडलं, याचाच आनंद झाला. मी मान वर करून "अहो, हे बघा," म्हणाले. मोठ्याने म्हणाले. मग भिंग खाली ठेवलं.

दुपारी झडलेलं एक पान प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून बोरिवलीला एका रोपवाटिकेत गेले. तिथल्या बाईने पिशवी उघडूही दिली नाही.

"इथे सोडू नका मावशी, माझी वाट लावाल. लाल कोळी आहे हा."

"लाल कुठे आहे? पिवळाच दिसतो."

"नाव तसंच पडलंय. किडा नाय हा, कोळ्याच्या जातीतला. म्हणून किड्याचं औषध याला लागत नाय. घरात नवीन झाड आणलं होतं का एवढ्यात?"

आणलं होतं. रोपं फळीवर एकटी वाटायची म्हणून महिन्यापूर्वी हातगाडीवरून एक गुलाब घेतला होता आणि मधोमध ठेवला होता. माझ्या चेहऱ्यावरून तिला कळलं असावं. मी पंख्याचं आणि दिव्यांचंही सांगितलं, तशी ती जरा सबुरीने बोलायला लागली.

"गुलाब पहिला बाहेर काढा. पंखा बंद करा, कोरडी गरम हवा याला लय आवडते. ज्या रोपांना कोळ्याने जास्त धरलंय ती उपटून टाका. उरलेल्यांची पानं खालून पाण्याने धुवा. मग कडुलिंबाचं तेल, थोडा पातळ साबण, कोमट पाण्यात. आधी एकाच रोपावर मारून दोन दिवस बघा, कोवळं पान जळतं. दिवा लागलेला असताना मारू नका. आणि तीन-चार दिवसांनी परत, परत, परत. अंडी मरत नायत ना, ती फुटली की नवीन येतात."

घरी आले आणि गुलाब उलटा करून पाहिला. पानांच्या खाली नुसती वस्ती होती. काळ्या पिशवीत घालून तोंड बांधलं आणि खाली कचऱ्यात नेऊन टाकला.

रोपं उपटणं मात्र मला जमेना. एकोणीसमधली आठ पार जाळ्यात गेली होती. बाटलीत आता एकही बी नव्हतं. मी मैत्रिणीला फोन लावला.

"यांच्या मिरच्यांना कोळी लागलाय गं. आठ टाकायला लागणार."

"मग टाक ना. बाकीची वाचतील." मागे नातू रडत होता. "तू बरी आसस मां?"

"बरी आहे. रोपांचंच सांगत होते."

"ऐकतंय मी. थांब हां, ह्याने दूध सांडलं..." फोन तसाच चालू राहिला. तिच्या घरातला गोंधळ मी थोडा वेळ ऐकला आणि मग फोन बंद केला.

आठ रोपं मी त्याच दिवशी उपटली. एकेक करून पिशवीत घातली, कोकोपीटसकट. मुळं चांगली पांढरी झाली होती. फळी साबणाच्या पाण्याने पुसली, डबे एकमेकांना लागणार नाहीत असे लांब लांब मांडले, आणि आजारी रोपाला हात लावला की हात धुतल्याशिवाय दुसऱ्याला लावायचा नाही, हा लॅबमधला नियम पुन्हा सुरू केला.

मग रोज चार वाजता धुणं. डब्याच्या तोंडावर प्लास्टिक गुंडाळायचं, रोप बेसिनवर आडवं धरायचं, दोन बोटांच्या बेचक्यात पान घेऊन खालून पाण्याची बारीक फवारणी. अकरा रोपांना पाऊण तास लागायचा. त्या पाऊण तासात मी बोलायचे. यांच्याशी नाही, रोपांशीही नाही, असंच. आता हे पान, आता ते पान. कधी कधी सकाळपासून तोंडातून निघालेला तो पहिला शब्द असायचा.

तेलाच्या पहिल्या फवाऱ्यानंतर एक रोप गेलं. माझा हात जड पडला होता, कोवळा शेंडा काळा झाला. पुढच्या वेळी तेल निम्मं केलं. तिसऱ्या फवाऱ्यानंतर कागदावर दोनच कण चालले. पाचव्यानंतर एकही नाही. तरी आणखी दोन आठवडे मी कागद धरत राहिले. नवी पानं हिरवीगार, डागाशिवाय निघाली. जुन्या पानांवरचे ठिपके काही गेले नाहीत, ते तसेच राहतात. दरम्यान आणखी तीन रोपं खुरटून गेली होती. सात उरली.

माझ्याकडे ऊन नव्हतं, मैत्रिणीच्या गॅलरीत भरपूर होतं. पाच रोपं खोक्यात उभी करून मी एका रविवारी रिक्षाने मुलुंडला गेले. तिने दार उघडलं आणि मिठीच मारली. "किती बारीक झालीस गो!" चहा केला, पोहे केले, दर दोन मिनिटांनी नातवामागे धावली. सुनेला मी पान उलटं कसं करायचं, कागदावर टिचकी कशी मारायची ते दाखवलं. तिने भिंगातून जुन्या पानावरचे ठिपके पाहिले आणि म्हणाली, "मला वाटलं असतं धूळच आहे."

निघताना मैत्रीण म्हणाली, "ऱ्हव आजचो दिस. कोण वाट बघतंय तुझी?"

मला लागेल असं तिला बोलायचं नव्हतं, ती सहज म्हणाली. मी म्हटलं, "नको, घरी काम आहे." काम काही नव्हतं. चार वाजून गेले होते आणि धुवायला आता काही नव्हतं.

माझ्याकडची दोन रोपं उंच वाढली, मिरची धरली नाही. श्रावणात मैत्रिणीकडून फोटो आला, तिच्या कुंडीत हिरव्या मिरच्या, एक लाल होत आलेली. मी फोटो मोठा करून मिरच्यांच्या आधी पानं बघितली. स्वच्छ होती. लगेच फोन लावला, तिने उचलला नाही. संध्याकाळी तिचा आला, तेव्हा मी भाजी आणायला खाली गेले होते आणि फोन घरातच राहिला होता.